जप्त झालेले आंबा पल्पचे डबे: चांगली बॅच सोडवता येईल का?

नमस्कार मंडळी,

माझ्या मामांचा पावसजवळ हापूस पल्प कॅनिंगचा छोटा कारखाना आहे. ८५० ग्रॅम आणि ३.१ किलोचे डबे भरतात, लायसन्स चालू आहे. यंदाच्या एका बॅचचे डबे गोदामात फुगायला लागले, तेव्हा मामांनी ती बॅच बाजूला काढली आणि विक्री थांबवली. त्याच सुमारास तपासणी झाली. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी फुगलेल्या बॅचचे नमुने घेतले आणि अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ३८ खाली शेजारच्या बॅचसकट सगळा माल जप्त केला. बाँड लिहून घेऊन माल मामांच्याच ताब्यात, सीलबंद ठेवलाय.

आता अहवाल आलाय: 'असुरक्षित'. त्यावर ३० दिवसांत अपील करता येतं, पण मामांना ते करायचंच नाही. फुगलेला डबा कुणाच्या ताटात जाता कामा नये, तो माल नष्ट व्हायलाच हवा. प्रश्न दुसऱ्या बॅचचा आहे. तिचा कोड वेगळा, भरल्याचा दिवस वेगळा, एकही डबा फुगलेला नाही आणि तिचा नमुनाही घेतलेला नाही. एका डब्यात दोष निघाला की अख्खी बॅच असुरक्षित धरतात, हे कायद्यातच आहे. पण ते त्याच बॅचपुरतं ना?

डबे फुगले कशाने, हेही अहवालात नाही. सीमिंग (डब्याला झाकण दुमडून बसवलेला जोड) नीट न बसून आत यीस्ट शिरलं असेल तर दोष त्या दिवसापुरता असू शकतो. पण पल्पच्या आंबटपणाने पत्रा खाऊन हायड्रोजन तयार झाला असेल, तर दोन्ही बॅचना रिकामे डबे एकाच लॉटचे आहेत, आणि मग दुसरी बॅचही विकायला मामा तयार होणार नाहीत. म्हणून आधी कारण कळायला हवं.

डब्यातला वायू आणि सीम दोन्ही तपासणारी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त लॅब पुणे-मुंबईकडे कोणती? सील असताना दुसऱ्या बॅचचा नमुना काढून घ्यायला सहायक आयुक्तांकडे (अन्न) अर्ज कसा करायचा? आणि फुगलेला माल स्वतःहून नष्ट करायची तयारी आत्ताच लेखी दिली, तर पुढे तो गुन्ह्याचा कबुलीजबाब धरतात का? ही शेवटची भीती मामांना फार आहे.

'मिटवून देतो' म्हणणारे भेटलेत, तो मार्ग नको आहे. कॅनिंगमधल्या किंवा अन्न कायद्याची कामं करणाऱ्या वकील मंडळींनी कृपया सांगावं. पंचनामा आणि बॅच रजिस्टर हाताशी आहे, विचाराल तो तपशील इथेच देते.