उधारीवरून ऋण गुणिले ऋण कसं समजवायचं?

प्रश्न: पोरगी सातवीत आहे, ऋण संख्या मी किराणावाल्याच्या उधारीवरून शिकवल्या, बेरीज मस्त जमली पण काल विचारते बाबा, ५ ची उधारी गुणिले ३ ची उधारी म्हणजे १५ रुपये फायदा कसा? मला काही सुचलंच नाही.

उत्तर १: दोन्ही आकडे उधारीचे धरू नका, तिथेच घोळ होतो. एक आकडा म्हणजे किती वेळा, आणि तो ऋण असेल तर तितक्या वेळा काढून टाकायचं. वहीत ५-५ रुपयांच्या तीन नोंदी आहेत, दुकानदाराने तिन्ही खोडल्या, तुमचे १५ वाचले. खरंच पेनाने खोडून दाखवा. उपमा जुनीच आहे, गणितज्ञ ब्रह्मगुप्ताने ६२८ साली धन आणि ऋण हेच शब्द वापरलेत, ऋण म्हणजे कर्जच की.

उत्तर २: मी शिकवते. उपमा कुठे संपते तेही मुलांना सांगावं असं मला मनापासून वाटतं. समीकरणाला तराजू छान, पण क्ष = -४ आलं की पारड्यात काय ठेवणार? गुणाकाराला मी फळ्यावर २×(-५)=-१०, १×(-५)=-५, ०×(-५)=० असं उतरवते, दरवेळी ५ वाढतात, मग -१ ला किती ते मुलंच ओरडून सांगतात.

प्रश्नकर्ता: नोंदी खोडल्यावर लगेच पटलं तिला, थँक्यू! आता म्हणते हातचा एक खरंतर दहा असतो, मग एक का म्हणायचं?