उत्तरं ज्यांनी द्यायची, तेच प्रश्न मांडून गेले

विजापूर_वेस

‘उद्योगमित्र’ यांनी काल इथं रविवारच्या शहर विकास परिसंवादावर पोस्ट टाकली. आमदार, अधिकारी, उद्योजक, डॉक्टर एका मंचावर, वैचारिक मेजवानी, सोलापूर जागं होतंय, आणि शेवटी टोला, ‘जे आले नाहीत त्यांनी नावं ठेवू नयेत.’ मी आलो होतो. आभारप्रदर्शनापर्यंत बसलो होतो. तेव्हा आता नावं ठेवतो.

दहाचा कार्यक्रम पावणेअकराला सुरू. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, मग मंचावरच्या एकेकाला शाल, नारळ, बुके. सत्कार करणाऱ्यांचाही सत्कार झाला. मुद्द्याचं पहिलं वाक्य ऐकायला बारा वाजले. आणि वाक्य काय, तर ‘उजनी भरलेली असताना सोलापूरला चार-पाच दिवसाआड पाणी मिळतं ही शोकांतिका आहे.’ म्हणतंय कोण? ज्यांच्या पक्षाकडं कधी ना कधी महापालिका होती, तेच. ‘आपली पोरं पुण्याला चाललीत’ हेही त्यांनीच सांगितलं, वर टाळ्या घेतल्या. अहो, हे आम्ही तुम्हाला विचारायचं ना!

प्रश्नोत्तरांची तऱ्हा तर विचारूच नका. माइक नाही. ‘प्रश्न चिठ्ठीवर लिहा, नाव आणि मोबाईल नंबरसकट.’ एक पोरगा स्टीलच्या ताटात चिठ्ठ्या गोळा करत फिरला. ते ताट निवेदकाच्या शेजारी गेलं आणि तिथं एक गृहस्थ चिठ्ठ्या उघडून दोन ढीग लावायला बसले. मी लिहिलं होतं, समांतर जलवाहिनीनं पाणी शहराच्या वेशीपर्यंत येईल, पण आतल्या टाक्या आणि जुन्या पाइपांचं काय, वेळापत्रक आहे का. वाचून दाखवल्या दोनच चिठ्ठ्या: ‘तरुणांना काय संदेश द्याल?’ आणि ‘आपल्या यशाचं रहस्य काय?’

1870 मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा निघाली, तेव्हा सभासद व्हायला किमान 50 जणांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र लागायचं. 6,000 लोकांनी निवडलेले 95 सभासद, तेही इंग्रजाच्या राज्यात. रविवारच्या मंचावर आमदार सोडले तर कुणाच्या खिशात कुणाचं मुखत्यारपत्र होतं?

उद्योगमित्र

आला होतात हे वाचून आनंद झाला. जेवून गेलात की नाही ते लिहिलं नाहीत.

सभागृहाचं भाडं, साउंड, पाहुण्यांची ये-जा, हे सगळं कोण करतं? आम्ही दहा-बारा जण धंदा सांभाळून करतो. शाल-नारळ नको म्हणणं सोपं आहे. एकदा न देऊन बघा, पुढच्या वेळी साहेबांचा पीएच फोन उचलत नाही. आणि खरं काम मंचावर होत नसतं. जेवणाच्या रांगेत आमच्या एका टॉवेलवाल्यानं वीजदराचा विषय थेट अधिकाऱ्यांपुढं काढला. नंबर दिले-घेतले, आता बैठक लागतेय. तुमच्या चिठ्ठीनं हे झालं असतं का?

विजापूर_वेस

नसतं झालं. माझं म्हणणं तेच आहे. कामं जेवणाच्या रांगेत व्हायची असतील तर आम्हाला खुर्च्या भरायला कशाला बोलावता?

पूर्वभाग

खुर्च्या भरायला तरी बोलवलं तुम्हाला! आमच्याकडं पत्रिकासुद्धा आली नाही. टॉवेल-चादरीवर भाषणं झाली म्हणं. मंचावर यंत्रमागवाला एक तरी होता का? विडी कामगार बाई एक तरी? माझ्या आईनं जन्मभर विड्या वळल्या. कारखान्यात माल द्यायला गेली की चेकर मूठभर विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढायचा, त्याचे पैसे नाहीत. हा आर्थिक प्रश्न नाही का ओ? तुमचा आर्थिक प्रश्न म्हणजे आयटी पार्क आणि विमानतळ.

हुतात्मा_पास

विमानतळाचं निघालंच आहे तर, सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीवर कुणी काही बोललं का रविवारी?

ऊसवाला

कोण बोलणार? पाडायच्या आधी सगळ्यांना कंठ फुटला होता. 15 जून 2023 ला सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली. ‘चिमणी गेली की दुसऱ्या दिवशी विमान’ असा आव होता. पहिलं विमान उडालं जून 2025 मध्ये, आणि तेही गोव्याला! दोन वर्षं काय आकाश झाडत होते का?

हुतात्मा_पास

दुसऱ्या दिवशी विमान असं कुणीच म्हणालं नव्हतं. धावपट्टीच्या वाटेत अडथळा होता, परवानगीचा घोळ होता, कोर्टकज्जे झाले, मग पाडली. माझ्या मुलाची कंपनी इथं शाखा काढणार होती, ‘तुमच्याकडं विमान नाही’ म्हणून दुसरीकडं गेली. मी अजून हुतात्मा एक्स्प्रेसनं दर पंधरवड्याला पुण्याला त्याचे डबे पोचवतोय.

ऊसवाला

पोराला डबा पोचवायला विमानानं जाणार होता का? पूर्वी इथं किंगफिशरची विमानसेवा सुरू झाली आणि बंद पडली, तेव्हा ही चिमणी कुठं होती? विमान बंद पडतं ते माणसं नसतात म्हणून. चिमणी पाडली त्या वर्षी आमचा ऊस कुठं कुठं हिंडला ते तुम्हाला काय कळणार, कारखाना म्हणजे तुम्हाला नुसता धूर.

हुतात्मा_पास

बेकायदा बांधकाम ते बेकायदाच. गरिबाची टपरी उचलता तेव्हा असा गळा काढता का कधी?

ऊसवाला

तोंड सांभाळून. मी कुणाची टपरी उचलली?

उद्योगमित्र

झालं! म्हणूनच आम्ही माइक फिरवत नाही. बघा विजापूर वेसवाले, चिठ्ठ्या का घेतो ते. शंभर माणसांच्या हातात माइक दिला की पाणी राहतं बाजूला आणि दुपारपर्यंत नुसती चिमणी.

विजापूर_वेस

हा मुद्दा मात्र मानावा लागेल. अर्धाच. चिमणीवर मारामारी होते, कारण त्यावर आमनेसामने बोलायची जागा शहरात कधी नव्हतीच. एक बाजू मोर्चा काढत होती, दुसरी उपोषण. परिसंवाद त्या दिवसांतही होत होते, विषय ‘व्यक्तिमत्त्व विकास’.

माळरान

शहरवाल्यांनी ग्रामसभा बघावी. हिवरे बाजारनं ग्रामसभेत बसूनच ठरवलं की शेतीला बोअर मारायचं नाही आणि उसाच्या नादाला लागायचं नाही. गडचिरोलीतल्या मेंढा लेखात तर सगळे हो म्हणेपर्यंत ठरावच होत नाही. तिथं प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यावा लागत नाही.

जावई_पंढरपूरचा

ही दोन नावं ऐकून कान किटले. राज्यात ग्रामपंचायती सत्तावीस हजारांच्या वर, आणि उदाहरणं कायम तीच दोन-चार. आमच्या गावची ग्रामसभा सांगतो. गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, जे कमी असेल ते. तेवढेही जमत नाहीत. सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे सरपंचाला पाठ असतं. मग शिपाई रजिस्टर घेऊन दारोदार सह्या. माझ्या सासूबाईंनी अशीच एक सही केली, ‘कशावर आहे रे’ विचारलं तर म्हणे ‘स्वच्छतेवर’. नंतर कळलं, गायरानातली जागा द्यायचा ठराव होता. तो हाणून पाडायला कुणाकुणाचे उंबरे झिजवले ते आम्हालाच माहीत.

माळरान

पण हाणून पाडलात ना? ठराव लिहिलेला होता, नक्कल मिळाली, म्हणूनच पाडता आला. रविवारच्या परिसंवादात कोण काय म्हणालं याची नक्कल मागून बघा. स्मरणिका मिळेल, वाढदिवसाच्या जाहिरातींसकट.

जावई_पंढरपूरचा

बरं बाबा, नक्कल मिळाली. तलाठ्यापासून बीडीओपर्यंत सगळ्यांचे आभार. खूश?

कायद्याचं_बोला

तुम्ही सगळे भलत्याच दारावर धडका मारताय. तीन लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात हे 74 व्या घटनादुरुस्तीत आहे, 1993 पासून लागू. सोलापूर 2011 च्या जनगणनेत साडेनऊ लाखांचं. पण प्रभाग समिती म्हणजे नगरसेवकांची बैठक. स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत सदस्य घेता येतात, तेही नगरसेवकच निवडणार. नागरिकानं उभं राहून विचारायची जागा म्हणजे क्षेत्रसभा. 2009 मध्ये राज्याच्या कायद्यात ती घातली, कारण जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर विकास योजनेचा पैसा हवा होता. पैसा आला. क्षेत्रसभेला कुणी कधी गेलंय का इथं? त्यात मार्च 2022 ला महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी 2026 च्या मतदानापर्यंत प्रशासक. एवढी वर्षं प्रश्न विचारायला नगरसेवकसुद्धा नव्हता. म्हणून तर या परिसंवादांचं पीक आलं.

पूर्वभाग

नगरसेवक नव्हते ते बरं होतं, असं आमच्या गल्लीत म्हणतात. महापालिकेच्या झोन ऑफिसात तक्रार दिली की निदान ‘नगरसेवकाकडून चिठ्ठी आणा’ म्हणत नव्हते.

कायद्याचं_बोला

मग तुमचं काम झालं का?

पूर्वभाग

नाही. ड्रेनेज अजून तुंबलेलंच आहे. पण हेलपाटा एकच पडला.

उद्योगमित्र

ठीक आहे, हरलो. पुढचा कार्यक्रम असा करू: शाल नाही, बुके नाही, माइक फिरता. नारळ मात्र फोडणार, त्यावर तडजोड नाही. विषय फक्त पाणी. चिमणी म्हणणाऱ्याला बाहेर चहा. आणि तुम्ही सगळे रिकाम्या खुर्च्या ठेवून इथंच टाइप करत बसणार, हे मी आत्ताच लिहून देतो.

विजापूर_वेस

मी येतो. कोण काय कबूल झालं ते कागदावर उतरवून त्याच संध्याकाळी इथं टाका, एवढीच अट. मंचावरच्यांच्या सह्या घेतल्या तर दुधात साखर.

उद्योगमित्र

सह्या मागितल्या तर मंच रिकामा राहील.

विजापूर_वेस

राहू दे की. तेही लोकांना दिसेल.

ऊसवाला

चिमणीवाल्याला बाहेर चहा हे कुणी ठरवलं? हीच तुमची लोकशाही.

पूर्वभाग

यंदा कार्यक्रम आमच्या भागात घ्या. आणि तारीख ठरवायच्या आधी नळाचा दिवस विचारा. पाणी यायच्या दिवशी आमच्यातली एक बाई घर सोडून येणार नाही.

उद्योगमित्र

मंगळवार चालेल?

पूर्वभाग

मंगळवारी आमच्याकडं पाणी.

हुतात्मा_पास

बुधवारी आमच्याकडं.