मदत हवी आहे: बार्सिलोनात खरंखुरं पर्यावरणपूरक हॉटेल ओळखायचं कसं?

नीलिमा_कोथरूड

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या उत्तरार्धात आम्ही चौघं (मी, नवरा, सासूबाई आणि बारा वर्षांची लेक) बार्सिलोनाला जातोय. भाची तिथे शिकते, पण तिच्या खोलीत आमची वरात मावणं शक्य नाही. आठवडाभर तिथे मुक्काम, मग ट्रेनने माद्रिद. विमानाची तिकिटं झाली, घोडं अडलंय राहण्याच्या जागेवर.

लेकीने फर्मान काढलंय की हॉटेल पर्यावरणपूरक हवं. मलाही ते पटतं. पण बुकिंगच्या साइटवर बघावं तर दर दुसऱ्या हॉटेलच्या नावापुढे हिरवं पान! एकाचा पर्यावरणपूरकपणा म्हणजे ‘टॉवेल खुंटीला अडकवा, पाणी वाचवा’ अशी पाटी. दुसऱ्याकडे बांबूचे टूथब्रश. तिसऱ्याने गच्चीवरच्या सोलर पॅनेलचे सहा फोटो टाकलेत. आणि जुन्या गॉथिक भागात एक फ्लॅट आहे: ‘इको’ लिहिलेला, स्वस्त, स्वयंपाकघरासकट. सासूबाईंना सकाळी आल्याचा चहा आणि रात्री वरणभात लागतो, त्यामुळे मन तिकडे ओढ घेतंय.

यातलं खरं काय आणि वरवरचं काय, हे कसं ओळखायचं? व्हिसासाठी राहण्याचा पुरावा जोडायचा आहे, म्हणजे फार दिवस घोळ घालता येणार नाही. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

तिरपागडा

मुंबई ते बार्सिलोना एका बाजूने सात हजार किलोमीटरच्या आसपास. गुणिले दोन, गुणिले चार माणसं. एवढं केरोसीन आभाळात सोडल्यावर टॉवेल रोज धुतला काय अन् न धुतला काय! हलकेच घ्या.

शर्वरी_सान्त्स

तिरपागडेबुवा, गणित बरोबर आहे, पण तिकिटं काढून झाली आहेत. आता उरलेल्यातलं बोलू. नीलिमाताई, एकाच शहरात आठवडा काढून पुढे ट्रेनने जाताय, हे कुठल्याही हिरव्या पानापेक्षा मोठं काम आहे. नाहीतर आपल्याकडची यात्रा कंपनी तेवढ्याच दिवसांत पाच शहरं दाखवते.

मी इथे बरीच वर्षं राहते, म्हणून आधी त्या गॉथिकमधल्या फ्लॅटबद्दल. जाहिरातीत परवाना क्रमांक आहे का? पर्यटकांना भाड्याने द्यायच्या फ्लॅटला इथे सरकारी परवाना लागतो आणि बार्सिलोनातला क्रमांक एच-यू-टी-बी या अक्षरांनी सुरू होतो. महापालिकेच्या संकेतस्थळावर तो टाकून खरा-खोटा पाहता येतो. जुलै २०२५ पासून ऑनलाइन जाहिरातीसाठी स्पेनभर वेगळा राष्ट्रीय नोंदणी क्रमांकही लागतो. क्रमांक नसेल किंवा मालक ‘आल्यावर देतो’ म्हणत असेल, तर तो नाद सोडा. व्हिसाच्या कागदांना असला पत्ता कशाला जोडायचा?

परवाना असला तरी दुसरा प्रश्न राहतोच. इथे लोकांना राहायला घरं मिळेनाशी झाली आहेत. जून २०२४ मध्ये महापौर कोल्बोनी यांनी जाहीर केलं की शहरातल्या १०,१०१ पर्यटक फ्लॅटांपैकी एकाचाही परवाना नोव्हेंबर २०२८ नंतर वाढवून मिळणार नाही. दहा वर्षांत घरभाडी ६८ टक्क्यांनी चढली, हे कारण त्यांनीच दिलं. पुढच्याच महिन्यात रांब्ला या पर्यटकांनी गजबजलेल्या रस्त्यावर मोर्चा निघाला आणि हॉटेलांच्या बाहेर खात बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडवल्या गेल्या. घाबरू नका, एरवी कोणी काही करत नाही. पण ज्या जिन्यावर चार म्हाताऱ्या शेजारणी होत्या तिथे आता रात्री दोन वाजता बॅगांची चाकं खडखडतात, त्या घराला ‘इको’ म्हणायला माझी जीभ वळत नाही.

स्वयंपाकघर हवंय ना? मग ‘अपार्टहॉटेल’ शोधा. परवाना हॉटेलचा, म्हणजे कोणाचं राहतं घर अडत नाही, आणि खोलीत छोटा ओटा, फ्रिज, भांडी. फ्लॅटपेक्षा थोडं महाग पडेल.

अवांतर: २४ सप्टेंबरला ला मेर्से, म्हणजे शहराचा मोठा उत्सव. मानवी मनोरे, आगीच्या मिरवणुका, सगळं बघण्यासारखं असतं. पण त्या दिवसांत खोल्या भराभर जातात.

कोकणकडा

शर्वरीताईंना अनुमोदन, पण एक शंका. फ्लॅट घेतला तर पैसा स्थानिक माणसाला मिळतो, हॉटेल घेतलं तर मोठ्या साखळीला. मग स्थानिकांचं भलं कशात?

शर्वरी_सान्त्स

मालक एका फ्लॅटचा असेल तर तुमचं म्हणणं खरं. पण एकच यजमान आणि त्याच्या नावावर चाळीस फ्लॅट, असंही सर्रास दिसतं. यजमानाच्या नावावर टिचकी मारली की त्याच्या बाकीच्या जागा दिसतात, तेवढं पाहा. आणि छोटी घरगुती हॉटेलंही आहेत. इथे त्यांना ‘ओस्ताल’ म्हणतात. दोन-तीन पिढ्या चालवलेली, पंधरा-वीस खोल्यांची. स्वयंपाकघर मात्र मिळत नाही.

पाणलोट

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त, मुलगी तिकडे असते म्हणून जाणं होतं. टॉवेलच्या पाटीला हसू नका. पाणी हा त्या शहराचा दुखरा भाग आहे.

२०२१ पासून तिथे सलग दुष्काळ पडला. धरणं १६ टक्क्यांच्या खाली गेली तेव्हा १ फेब्रुवारी २०२४ ला आणीबाणी जाहीर झाली. माणशी दिवसाला २०० लिटरची मर्यादा, किनाऱ्यावरचे शॉवर बंद, पोहण्याचे तलाव भरण्यावर निर्बंध. बार्सिलोनाला पाणी पुरवणाऱ्या तेर नदीवर साऊ नावाचं धरण आहे. साठच्या दशकात ते बांधलं तेव्हा एक गाव बुडालं. पाणी उतरलं की तिथल्या जुन्या चर्चचा मनोरा बाहेर येतो, उजनीत पळसदेवचं देऊळ उघडं पडतं तसाच. त्या दुष्काळात मनोराच काय, अख्खं चर्च कोरड्या जमिनीवर उभं होतं आणि लोक पायी जाऊन बघून येत होते.

पुढे पाऊस झाला, २०२५ च्या वसंतात धरणं बरीच भरली. पण भूमध्य समुद्राकाठचा पाऊस असाच लहरी. दुष्काळात शहर तगलं त्यात समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पाचा आणि सांडपाण्यावर प्रक्रिया करून पुन्हा वापरण्याचा मोठा वाटा होता. खारं पाणी गोडं करायला वीज भरपूर लागते, म्हणजे तिथे पाणी वाचवणं हे वीज वाचवणंही आहे.

तेव्हा हॉटेल निवडताना गच्चीवरचा तलाव, जाकुझी, स्पा असल्या गोष्टी नसलेलं निवडा. सप्टेंबरात समुद्र कोमट असतो, पोरीला तिथेच डुंबू द्या. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. चव जड लागते, क्लोरीनचा वासही येतो, पण बाधत नाही. मजल्यावर किंवा स्वागतकक्षात गाळलेल्या पाण्याचा नळ ठेवणारी हॉटेलं आहेत. तेवढं आधी विचारून घेतलंत तर रोज बाटल्या विकत घ्याव्या लागणार नाहीत.

नीलिमा_कोथरूड

पाणलोटकाका, शर्वरीताई, मनापासून आभार. फ्लॅट यादीतून बाद. जाहिरातीत परवाना क्रमांकच नव्हता, विचारल्यावर उत्तर आलं नाही. आता तीन अपार्टहॉटेलं राहिली आहेत, तिघांकडेही काही ना काही शिक्का आहे. कुठला शिक्का खरा मानायचा? आणि सोलरवाल्याला जास्त गुण द्यायचे का?

देवनागरीतला_युरोपी

आमचं कामच शिक्क्यांशी आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी सोलर. बार्सिलोनाने १९९९ मध्ये नियम केला आणि २००० पासून लागू केला: नवी इमारत बांधली किंवा जुनीची मोठी दुरुस्ती केली, तर गरम पाण्याचा ठरावीक हिस्सा सूर्यावर तापवायचाच. युरोपातल्या मोठ्या शहरांत असा नियम करणारं ते पहिलं. म्हणजे अलीकडे बांधलेल्या हॉटेलाच्या गच्चीवर पॅनेल असणं हे पर्यावरणप्रेमापेक्षा कायद्याचं पालन जास्त. जुन्या इमारतीत कोणी स्वतःहून बसवली असतील तर जरूर कौतुक करा. फोटोंना गुण नाहीत.

शिक्क्यांमध्ये मी सगळ्यात वर ठेवतो युरोपियन युनियनचं ‘ईयू इकोलेबल’. फुलाचं चिन्ह, पाकळ्यांच्या जागी तारे. त्यात वीज, पाणी, कचरा, साफसफाईची रसायनं यांचे निकष ठरलेले असतात आणि तपासणी बाहेरची यंत्रणा करते. ‘ग्रीन की’ ही बरी आहे. समुद्रकिनाऱ्यांना ‘ब्लू फ्लॅग’ देणारीच संस्था ती चालवते. ‘बायोस्फिअर’ इथे पुष्कळ दिसेल, कारण २०११ मध्ये बार्सिलोना शहरालाच ते प्रमाणपत्र मिळालं. ते शहराला मिळालं म्हणून शहरातल्या हॉटेलाला मिळालं असं होत नाही. हॉटेलाच्या स्वतःच्या नावाचं आहे का आणि मुदत कधी संपते, ते पाहा.

साइटने स्वतः दिलेल्या पानांवर विसंबू नका. बुकिंग डॉट कॉमचा ‘ट्रॅव्हल सस्टेनेबल’ नावाचा असाच कार्यक्रम होता. ग्राहकांची दिशाभूल होऊ शकते असं नेदरलँड्सच्या ग्राहक प्राधिकरणाने म्हटलं आणि २०२४ मध्ये कंपनीने तो बंद केला. आता तिथे बाहेरच्या संस्थेचं प्रमाणपत्र असेल तर ते नावानिशी दाखवतात, त्यावर गाळणी लावा. युरोपियन युनियनने पुराव्याशिवाय ‘इको’, ‘ग्रीन’ असं मोघम लिहायला बंदी करणारा निर्देशही २०२४ मध्येच काढला. तो लागू व्हायची तारीख २७ सप्टेंबर २०२६.

आता एक गंमत, जी कुठल्याच पाटीवर दिसत नाही. शहराच्या पूर्वेला फोरम आणि जवळच्या पोब्लेनोऊतल्या नव्या कचेऱ्यांच्या भागात जमिनीखालून गरम आणि थंड पाण्याच्या नळांचं जाळं आहे, २००४ पासून. शेजारच्या सान्त आद्रियामध्ये शहराचा कचरा जाळतात, त्या वाफेवर पाणी तापतं. थंडाव्यासाठी यंत्रांची उष्णता समुद्राच्या पाण्यात सोडतात. डिस्ट्रिक्लिमा कंपनीच्या या जाळ्याला जोडलेल्या इमारतीला गच्चीवर एसीचे डबे लागत नाहीत. त्या भागातलं हॉटेल असेल तर ‘तुम्ही डिस्ट्रिक्लिमाच्या जाळ्यावर आहात का?’ एवढं विचारा. ज्याला प्रश्न कळला आणि उत्तर आलं, तिथली माणसं आपली इमारत ओळखतात.

तिरपागडा

कचऱ्याच्या वाफेवर आंघोळ! लेकीच्या शाळेच्या प्रकल्पाचं काम झालं.

कोकणकडा

सासूबाई बरोबर आहेत म्हणून एक सुचवणी. जागा मेट्रोच्या अशा स्थानकाजवळ घ्या जिथे लिफ्ट आहे. जुन्या अदलाबदलीच्या स्थानकांत लांबच लांब भुयारं चालावी लागतात. दोन दिवसांत गुडघे बोलायला लागले की तिसऱ्या दिवसापासून टॅक्सी सुरू होते, आणि मग हिरवेपणा गेला खड्ड्यात.

शर्वरी_सान्त्स

अगदी! म्हणून मी सान्त्स किंवा पोब्लेनोऊ सुचवेन (सान्त्सबद्दल मी पक्षपाती आहे, ते नावातच आहे). सान्त्सहून माद्रिदची वेगवान गाडी सुटते, साधारण अडीच तास. विमानतळाहून उपनगरी रेल्वेची आर-२ नॉर्द थेट सान्त्सला येते. ती फक्त टर्मिनल दोनवरून सुटते, एकवर उतरलात तर आधी फुकटच्या शटल बसने जा. भाड्याची गाडी अजिबात नको. मोठं कमी-उत्सर्जन क्षेत्र (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना बंदी) आहे आणि पार्किंगला खिसा रिकामा होतो. लाल-पांढऱ्या सार्वजनिक सायकली दिसतील, त्या फक्त रहिवाशांना मिळतात.

चौघांत मिळून ‘टी-फॅमिलिआर’ नावाचं तिकीट घ्या. आठ फेऱ्या, एकाच कार्डावर कोणीही वापरू शकतं. ‘टी-कॅज्युअल’ माणशी वेगळं लागतं, लोक तिथे फसतात. विमानतळाच्या मेट्रो स्थानकावर ही दोन्ही चालत नाहीत, उपनगरी रेल्वेला चालतात.

पर्यटक कर वेगळा पडेल, बहुतेकदा हॉटेलातच भरायचा. पालिकेचा अधिभारच ऑक्टोबर २०२४ पासून माणशी दर रात्री ४ युरो झाला आणि त्यावर कातालोनिया प्रांताच्या सरकारचा हिस्सा. दर बदलत असतात, बुकिंग करताना ताजा आकडा विचारा. सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांना माफ, म्हणजे लेक सुटली.

नीलिमा_कोथरूड

तिन्ही ठिकाणी एकच मेल पाठवली: प्रमाणपत्र कुठलं आणि कधीपर्यंतचं, गरम पाणी आणि एसी कशावर, गाळलेल्या पाण्याचा नळ आहे का, ओल्या कचऱ्याला खोलीत वेगळा डबा देता का.

एकाने उत्तर दिलं, ‘आम्ही प्लास्टिकच्या नळ्या बंद केल्या आहेत, आपल्या स्वागतास उत्सुक आहोत.’ दुसऱ्याचं अजून काही नाही. तिसऱ्याने इकोलेबलचा परवाना क्रमांक मुदतीसकट पाठवला आणि वर लिहिलं की स्पा नाही, तलाव नाही, एसी खिडकी उघडली की आपोआप बंद होतो, ओल्या कचऱ्याची तपकिरी बादली मागितली तर देतो आणि रस्त्यावरचा तपकिरी डबा दारापासून वीस पावलांवर आहे. पोब्लेनोऊतलं आहे, मेट्रोच्या जवळ. जरा महाग, पण तेच घेतोय. रद्द करता येईल असा दर निवडलाय, व्हिसाचं काही सांगता येत नाही.

आता शेवटचा प्रश्न सासूबाईंकडून: तिथे कुकर चालेल का?

शर्वरी_सान्त्स

शेगडी बहुतेक काचेची असणार. इंडक्शन आहे की साधी विजेची, ते विचारून घ्या. इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही, स्टीलचा छोटा आणा. तूरडाळ, तांदूळ, हिंग, कढीपत्ता सगळं रावाल या जुन्या वस्तीतल्या पाकिस्तानी-भारतीय दुकानांत मिळतं, ओझं वाहू नका.

शिट्टीचं काही नाही, पण फोडणीच्या वेळी आधी खिडकी उघडा. धुराचा अलार्म मिरचीला लगेच ओळखतो. खिडकी उघडली की एसी बंद पडेल, तो तुमच्या हॉटेलचा नियमच आहे.