मदत हवी आहे : १९४४ साली बेपत्ता झालेले गनर

नमस्कार मंडळी, मी वडोद्याचा, दांडिया बाजारातला. बाबांचे थोरले मामा हवाई दलात व्हेंजन्स बॉम्बरवर मागच्या सीटवरचे गनर होते. १९४४ मध्ये ब्रह्मदेशावर गेलेलं विमान परतलंच नाही. घरी उरली 'बेपत्ता'ची तार आणि एक फोटो. आजी सर्वपित्रीला त्यांचं पान वाढायची, पण फोटोला हार मात्र कधी घालू दिला नाही.

त्या आघाडीवर व्हेंजन्स आपल्या ७ आणि ८ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनकडे होती. मृतदेह न सापडलेल्या हवाई सैनिकांची नावं सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर आहेत. ती यादी चाळली, पण आमच्या आडनावाचं स्पेलिंग साहेबाने काय केलं असेल, देव जाणे! फोटोमागे सर्व्हिस नंबर आहे, शेवटचे दोन आकडे पुसलेत. अर्धवट नंबरावरून कुणी शोध घेतलाय का?