मदत हवी आहे: यूएफ धुतलं की प्रेशर उतरायच्या ऐवजी चढतंय

नमस्कार मंडळी, वाकडला आमची १८० फ्लॅटची सोसायटी आहे आणि मी यंदाचा सेक्रेटरी (मीटिंगला उशिरा पोचलो, गळ्यात पडलं). एसटीपीचं (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटचं) पाणी सँड फिल्टर, कार्बन फिल्टर करून शेवटी प्रेशरवाल्या यूएफमधून (अल्ट्राफिल्ट्रेशन, म्हणजे अगदी बारीक छिद्रांची गाळणी) जातं आणि तेच फ्लशला वापरतो. चार उभी मोड्यूल्स आहेत, पीव्हीडीएफ प्लास्टिकच्या पोकळ धाग्यांची (हीच मेंब्रेन), पाणी बाहेरून आत जातं. दर अर्ध्या तासाला आपोआप बॅकवॉश (उलट्या दिशेने पाणी सोडून धुणं) होतो, तो व्यवस्थित चालू आहे, मी स्वतः उभा राहून बघितलाय.

नवीन होतं तेव्हा फीडच्या (यूएफमध्ये शिरणाऱ्या पाण्याच्या) गेजवर ०.९ किलो आणि बाहेरच्या गेजवर ०.५ किलो दाखवायचं, आता फीडला २.१ आणि बाहेर तेच ०.५, आणि पाणी जवळजवळ निम्म्यावर आलंय. वरच्या मजल्यांवर फ्लशला पाणी नाही म्हणून ग्रुपवर रोज सकाळी सहापासून माझा उद्धार चालू असतो.

ऑपरेटर दर रविवारी कॉस्टिक सोडा आणि हायपो (क्लोरीनवालं ब्लीच) टाकून धुतो, तासभर भिजवून ठेवतो. गंमत अशी की धुतल्यावर दोन-चार तास बरं वाटतं आणि सोमवारी गेज आदल्या शनिवारपेक्षा वर. एएमसीवाले म्हणतात मेंब्रेन संपली, चारही बदला, साडेतीन लाख. तीन वर्षांत संपतात का हो? मी कॉमर्सवाला माणूस, समजेल असं सांगा.

टाकीवाला: यूएफ काढा, आरओ बसवा.

मी: दादा, फ्लशसाठी आरओ? मला सोसायटीतून हाकलून देतील.

पंपहाऊस: साहेब, पैसे देऊ नका अजून. दोन गोष्टी सांगा. धुण्याची टाकी कुठल्या पाण्याने भरतात? आणि अ‍ॅसिडने कधी धुतलंय का?

मी: ऑपरेटरला विचारलं, बोअरच्या पाइपने भरतो म्हणाला, जवळ पडतो. अ‍ॅसिड गेल्या दिवाळीनंतर नाही.

पंपहाऊस: मग बहुतेक तिथंच पाणी मुरतंय. काचेच्या ग्लासात बोअरचं पाणी घ्या आणि त्यात थोडं कॉस्टिकचं पाणी ओता, हातात ग्लोव्ह्ज आणि डोळ्यावर गॉगल पाहिजेच. पाणी दुधासारखं झालं तर समजायचं की पाण्यातला कॅल्शियम पीएच वाढला की चुना होऊन खाली बसतो, आणि तुम्ही दर रविवारी तोच चुना मेंब्रेनवर चढवताय. कॉस्टिक-हायपो शेवाळं, चिकटा, तेलकट घाण काढतं, चुन्यावर त्याचा काही उपयोग नाही, उलट तेच चुना करतं. यूएफचं पाणी घेतलं तरी तेच होईल, कारण छिद्र साधारण ०.०३ मायक्रॉनचं, त्यात बॅक्टेरिया अडकतात पण विरघळलेला कॅल्शियम आरपार जातो. सॉफ्टनर (पाण्यातला कॅल्शियम काढणारं युनिट) असेल तर तिथलं पाणी वापरा.

मी: केलं!! ग्लास अक्षरशः ताकासारखा झाला, ऑपरेटर तर म्हणाला साहेब हे पिऊ नका. बाहेरच्या पारदर्शक एल्बोला आतून पांढरा थर दिसतोय, नखाने खरवडला आणि त्यावर व्हिनेगर टाकलं तर फसफसलं. आता पुढे काय?

पंपहाऊस: फसफसलं म्हणजे चुनाच. सॉफ्ट पाण्यात २ टक्के सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे ५०० लिटरच्या टाकीला १० किलो, तास-दीड तास हळूहळू फिरवा, मग भिजत ठेवा. मधे पीएच चढला तर अजून सायट्रिक टाका, चुना अ‍ॅसिड खातो. आधीचं हायपो पूर्ण धुवून निघाल्याशिवाय अ‍ॅसिड अजिबात टाकू नका, क्लोरीन वायू सुटतो, आणि तुमची प्लांटरूम बेसमेंटलाच असणार. पुढच्या वेळी आधी कॉस्टिक मग अ‍ॅसिड, दोन्ही सॉफ्ट पाण्यात.

मी: अपडेट. शनिवारी धुतलं, पहिल्या तासातच पीएच दोनवरून साडेचार झाला, अजून ५ किलो ओतलं. आज फीडला १.३, बाहेर ०.५. आधीच्या ०.४ च्या फरकावर नाही आलं, पण अकराव्या मजल्यावर फ्लश चालू झालाय. पुन्हा एकदा करू का? आणि एएमसीवाल्यांना हे तोंडावर सांगू की आधी सॉफ्टनरपासून पाइप ओढून घेऊ?

पंपहाऊस: एकदा नक्की करा, जुना चुना आहे. पाइप आधी ओढा.