एक डॉलर = एक रुपया? नाही

असं म्हणतात की १९४७ साली एक डॉलर एका रुपयाला मिळत होता. हे व्हॉट्सअ‍ॅपवर इतकं फिरलंय की खरं वाटू लागतं, पण ते खरं नाही.

तेव्हा रुपया डॉलरला नव्हे, ब्रिटिश पौंडाला बांधलेला होता. दर एका रुपयाला १ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे १८ पेन्स. पौंडाचे २४० पेन्स, त्यांना १८ ने भागा: एका पौंडाचे १३ रुपये ५ आणे ४ पै. पौंडाला डॉलर मिळायचे ४.०३. म्हणजे डॉलर साधारण ३ रुपये ५ आण्यांचा. १९४९ मध्ये पौंडासोबत रुपयाचंही अवमूल्यन झालं आणि डॉलर ४.७६ वर गेला, ६ जून १९६६ ला थेट ७.५० वर.

मला मात्र खरी गोष्ट त्या १८ पेन्सांत दिसते. मुंबईच्या व्यापाऱ्यांना रुपयाला १६ पेन्स हवे होते. भारताच्या चलनासाठी ब्रिटिश सरकारने नेमलेल्या हिल्टन यंग कमिशनमध्ये मुंबईचे व्यापारी आणि कमिशनचे सदस्य पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी १९२६ साली त्यासाठी भिन्नमतपत्रिका जोडली. दोन पेन्सांसाठी एवढं का, असं वाटेल. पण १६ च्या दराने पौंडाचे १५ रुपये होतात. लंडनला तोच कापूस त्याच पौंडाला विकला, तरी १८ च्या दरामुळे हातात जवळपास पावणेदोन रुपये कमी पडणार, आणि परदेशी कापड इथे तेवढंच स्वस्त होणार. सरकारने १९२७ मध्ये १८ चाच कायदा केला. रुपया 'मजबूत' होता म्हणून हळहळणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून बघावा.