बाळाचं नाव 'चांगदेव' ठेवावं का? घरात दोन तट पडलेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. भुसावळहून लिहितोय. पंधरा दिवसांपूर्वी आमच्याकडे मुलगा झाला. रेवती नक्षत्र, तिसरं चरण, अक्षर आलं 'चा'. घोळ इथूनच सुरू झाला. मी म्हटलं, चिन्मय ठेवू, 'च' आहे ना? पण भटजी म्हणाले 'चा' म्हणजे 'चा'. बायकोने मोबाईलवर शोधाशोध केली तर चारुदत्त आणि चाणक्य यांच्या पुढे गाडी सरकेना. आणि चाणक्य नाव घेऊन पोरगं गणितात गचकलं तर जन्मभर ऐकून घेणार कोण?

मग बाळाच्या आत्याने, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीने, चाळीसगावहून फोनवर एका दमात सांगून टाकलं, "चांगदेव ठेवा." नाव ठेवायचा मान तिचाच, त्यामुळे मला लगेच नाही म्हणता आलं नाही. आणि खरं सांगायचं तर मला आवडलंही.

सासूबाईंना मात्र अजिबात पटलेलं नाही. त्यांचं माहेर मुक्ताईनगरकडचं (त्या अजून एदलाबादच म्हणतात). महाशिवरात्रीला तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाच्या यात्रेला लहानपणापासून जात आलेल्या. तरी म्हणतात, "जावईबापू, देवळात हात जोडणं वेगळं आणि नातवाला नाव देणं वेगळं. मुक्ताईने ज्याला कोरा म्हटलं त्याचं नाव कशाला? चौदाशे वर्षं जगला आणि कोरा तो कोराच राहिला." गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहेच: आधी ज्ञानदेवांना कोरं पत्र पाठवलं, मग वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन आला आणि समोर ज्ञानदेव-मुक्ताई ही चार भावंडं भिंत चालवत आली. म्हणजे हरलेला माणूस. हरलेल्याचं नाव ठेवू नये, एवढाच त्यांचा मुद्दा.

यावर बहीण म्हणते की तिच्या डोक्यातला चांगदेव हा नाहीच, तो दुसरा. कोण दुसरा, ते सांगायच्या आत बाळ रडलं आणि फोन राहिला.

तर मला कळायला हवंय की या नावाचा अर्थ नेमका काय, चांगदेव एक की दोन, आणि आजच्या काळात पोराला हे नाव जड जाईल का. आमच्या वडिलांच्या लहानपणी गावात एक चांगदेव आणि एक चांगो होता म्हणे. मी स्वतः माझ्या वयाचा एकही पाहिलेला नाही. बारसं पुढच्या रविवारी आहे.

पाटणाकडचा
तुमच्या ताईंचं बरोबर आहे. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात एक शिलालेख सापडला, शके 1128 चा, म्हणजे इसवी सन 1207 च्या आसपासचा. गणिती भास्कराचार्य, त्यांचा मुलगा लक्ष्मीधर आणि लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव. हा चांगदेव यादव राजा सिंघणाचा राजज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्याने पाटणला मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला दान दिलं, ते या लेखात कोरलंय. लेख संस्कृतात आहे, पण शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत. आजोबांच्या पुस्तकांसाठी शाळा काढणारा नातू! याहून चांगला चांगदेव कुठे मिळणार? ज्ञानेश्वरांचा जन्म 1275 चा धरतात, म्हणजे योगी चांगदेवाच्या गोष्टीआधी हा बराच होऊन गेला.

केळीबाग
भारी शे भाऊ नाव. आमना गावमा बी दोन चांगो व्हतात. पण शाळामा पोरं 'चांगू-मांगू' म्हणतीन, ते ध्यानमा ठेवा.

शब्दवेडी
अर्थाचं सांगते. प्राकृतात 'चंग' म्हणजे सुंदर, छान. आपलं 'चांगला' त्याच घरातलं, जोतिबाचं 'चांगभलं'ही तिथलंच. पंजाबीतलं 'चंगा' आणि हिंदीतलं 'भला-चंगा' ही भावंडंच. म्हणजे चांगदेव हा सरळ सरळ 'चांगला देव'. संस्कृत नावांच्या गर्दीत हे देशी नाव आहे, मला तर तेच जास्त आवडतं. आणि हे नाव त्या काळी फक्त आपल्याकडेच नव्हतं. गुजरातेतले जैन आचार्य हेमचंद्र, ज्यांनी प्राकृताचं व्याकरण लिहिलं, त्यांचं दीक्षेआधीचं नाव चांगदेव होतं. धंधुक्याचे ते. शिवाय महानुभाव पंथाच्या पंचकृष्णांपैकी (ते मानतात त्या पाच अवतारांपैकी) चक्रपाणी प्रभू म्हणजे फलटणचे चांगदेव राऊळ. तुम्ही दोन म्हणताय, मी इथेच चार मोजले.

उच्चाराचं मात्र आत्ताच ठरवून टाका. 'चांगला'मधला च हवा, 'चार'मधला नको.

धागाकर्ता
हेमचंद्रांचं वाचून उडालोच! वडिलांना दाखवलं. ते म्हणाले, "मी कधीचा सांगतोय नाव चांगलं आहे." त्यांनी असं काहीही सांगितलेलं नव्हतं.

उच्चारावरून आठवलं, काळजीची खरी गोष्ट तीच आहे. इंग्रजीत सी-एच-ए-एन-जी लिहिलं की इंग्रजी शाळेतल्या बाई 'चेंजदेव' वाचतील आणि मुलं चायनीजच्या गाडीवर नेऊन बसवतील. माझ्या पुतण्याचं नाव सरळसाधं आहे, तरी पहिलीत त्याचं काय झालं ते मी पाहिलंय.

पुण्यात_खानदेशी
चिडवणारे कशावरूनही चिडवतात. बाबासाहेबांचं अनेक खंडांचं चरित्र लिहिणारे खैरमोडे, त्यांचं नाव चांगदेवच. नेमाड्यांच्या कादंबऱ्यांचा नायक चांगदेव पाटील, तोही खानदेशातला. वाचणाऱ्या मराठी माणसाला हे नाव कानावरून गेलेलं असतं. न वाचणाऱ्याला आरव आणि विहान यांतलाही फरक कळत नाही.

एक कामाचं: दाखल्याची घाई करू नका. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवायही होते. नाव एक वर्षापर्यंत विनाशुल्क टाकता येतं, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. मात्र एकदा टाकलेलं नाव बदलायचं झालं तर गॅझेटपर्यंत जावं लागतं.

निवृत्त मास्तर, यावल
सासूबाईंचं कोणी मनावर घेतलेलं दिसत नाही. बाकी सगळे त्यांना टाळून दुसऱ्या चांगदेवाकडे पळताय. पण बाई जन्मभर त्या यात्रेला गेल्या आहेत. त्यांच्याशी बोलायचं तर संगमावरच्या चांगदेवाबद्दलच बोलावं लागेल.

पत्र कोरं का गेलं ते आठवा. ज्ञानदेव वयाने लहान, म्हणून आशीर्वाद लिहावा. पण ज्ञानाने मोठे, मग नमस्कार लिहावा. मायनाच सुचेना, म्हणून कागद तसाच पाठवला. लोक याला गर्व म्हणतात. मी वर्गात उलटं शिकवायचो. गर्विष्ठ माणसाला मायना शोधावा लागत नाही, तो आशीर्वाद ठोकून मोकळा होतो. हा अडला. मुक्ताई हसली हे खरं, पण निवृत्तिनाथांनी त्या कोऱ्या कागदाला उत्तर लिहायला लावलं आणि ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या. त्यात त्याला हाक कशी मारलीय? 'चांगया'. वटेश्वराचा पुत्र म्हटलंय, कापराच्या कणाची उपमा दिलीय. आणि पुढे तो शिष्य झाला तो हसणाऱ्या मुक्ताईचाच. आपल्याहून कितीतरी लहान मुलीला गुरू करणारा म्हातारा, यात हरला कोण ते तुम्हीच सांगा.

केळीबाग
मास्तर, तुमी तं आमले बी रडावशात.

धागाकर्ता
उशिरा लिहितोय, माफ करा. घरात पाहुण्यांची रीघ होती.

मास्तरांचा प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवला, दोनदा. त्यांनी काही उत्तर दिलं नाही, फक्त "पासष्ट ओव्या कुठे मिळतील?" एवढं विचारलं. हरिपाठाच्या पुस्तकात मागे छापलेल्या सापडल्या, त्या उशाशी घेऊन बसल्या. काल सकाळी बाळाला न्हाऊ घालताना पाणी जरा गरम झालं, बाळ किंचाळलं, तर आतून आवाज आला, "उगी रे चांगया, उगी." बायको आणि मी स्वयंपाकघरात एकमेकांकडे पाहत उभे.

बहिणीला कळवलंय. ती येताना पाटणादेवीचं कुंकू आणणार आहे, कारण तिच्या लेखी नाव अजूनही भास्कराचार्यांच्या नातवाचंच आहे. त्यावर आता कोणी वाद घालत नाही.

स्पेलिंगचं तेवढं राहिलंय. वडिलांचा हट्ट आहे की मधे एक जादा 'ए' टाकायचा, बायको म्हणते नको. दाखल्यावर तूर्त नाव टाकलेलं नाही.